आठवी फळी

म्या आयुष्यात एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आहे. त्यात एकबी अक्षर नव्हतं, नुसती चित्रं होती, आन तेबी म्या उलटं धरून वाचलं.

ते पुस्तक सुखदेवच्या कपाटासंगं खोक्यात आल्तं. सुखदेव म्हन्जे माझा लहानपनचा दोस्त, मंगरूळपीरच्या तहसीलातला बाबू, आता रिटायर झालेला. त्याले जाऊन दीड महिना झाला. हे मी सांगून राह्यलो आन त्याची पोरगी प्रज्ञा लिहून राह्यली, कारन मले लिहिता येत नाही. पेपरच्या पुरवनीवाल्याईनं खरं तं तिलेच बापावर लिहाले सांगतलं होतं. ती मले म्हने, "काका, मी लेक आहे, मी सारं गोडगोडच लिहीन. तुमी सांगा, जसं बोलता तसंच उतरवतो." उतरव बाई. माझी अब्रू तशीबी कोनाच्या कामाची नाही.

खबर आली तवा मी वावरात मेथी उपटून राह्यलो होतो. प्रज्ञाचाच फोन. "काका, बाबा गेले." मी "बरं" म्हनलं. मानसाचं मरन आयकून कोनी "बरं" म्हनते काय? पन म्या म्हनलं. फोन खिशात ठेवला आन राह्यलेला वाफा पूर्न उपटला. जुड्या बांधाले बसलो. बऱ्याच जुड्या झाल्यावर पाह्यतो तं सुतळी जुडीले नाही, माझ्याच बोटाले गुंडाळलेली, आन बोट निळं पडलं... मंग उठलो. आन खरी गोष्ट आताच सांगून टाकतो, मागून हिंमत होनार नाही. त्याच्या आधीचे सतरा दिवस मी त्याच्या घरी गेलो नव्हतो. माझ्या विहिरीवर उभं राह्यलं का त्याच्या घराची गच्ची दिसते.

आमी दोघं एकाच दिवशी शाळेत गेलो. तो शिकला, मी दुसऱ्या वर्षी पळालो. मास्तर म्हनत, "हा गजानन पाटीवर अक्षर काढत नाही, पाटी चाटते." खोटं नव्हतं, मले पाटीची चव आवडे. मंग सुखदेव तहसीलात लागला आन मी बापाच्या मांगं वांगी-मेथीत. सातबाऱ्याचं काही काम असलं का मी त्याच्या टेबलासमोर उभा. तो कागद वाचून दाखवे, मी अंगठा देओ, आन दर वेळेस तो आपल्या रुमालानं माझ्या अंगठ्याची शाई पुसून दे. साऱ्या ऑफिससमोर. मले लाज वाटे. मी म्हनो, "अबे, धोतराले पुसतो ना मी." तो म्हने, "तुझं धोतर पाह्यलं काय? शाईच खराब होईन."

आता माझा एक ऐब सांगतो, त्याबिगर पुढचं समजनार नाही. मले बिमार मानसाजवळ बसता येत नाही. हात रिकामे राह्यले का जीव घाबरते. माझी माय वाशीमच्या दवाखान्यात शेवटचे दिवस मोजून राह्यली होती, तवा मी बाहेर लोकाईच्या मोटरसायकली पुसत बसलो होतो. अनोळखी लोकाईच्या! एकानं तं मले तिथला नोकर समजून हवा भराले सांगतली. सुखदेव मायजवळ आत बसला होता. तो बाहेर आला. मले वाटलं, आता हा शिव्या देते. त्यानं खिशातून रुमाल काढला, माझ्या हातात देल्ला आन म्हने, "त्या काळ्या गाडीच्या चाकाले चिखल राह्यला, पाय जरा." आन परत आत जाऊन मायजवळ बसला. बस, एवढंच.

दोन वर्सांआधी सुखदेवची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा वाशीमले मशीनवर रक्त धुवाले जाय, आन बाकीचे दिवस ह्याच खोलीत, जिथं आता बसून मी सांगून राह्यलो, बाजेवर पडून राहे. मी सकाळी भाजी बाजारात टाकली का त्याच्या दारात येओ. दारातच. "काही काम असन तं सांगजो गा," म्हनो आन चप्पल न काढता वापस. वहिनी म्हनत, "भाऊजी, बसा ना घडीभर." वहिनी किन्हीराजा गावच्या, बोलनं एकदम सरळ. पन मी म्हनो, "बसाले नाही आलो वहिनी, काम असन तं सांगा." काम कायचं असन? बिमार मानसाच्या घरी गोळ्याच तं असतात.

मंग एक दिवस प्रज्ञानं फोनवरून कपाट मागवलं, बापाच्या गोळ्या आन कागदं ठेवाले. कपाट कायचं, खोक्यात नुसते तुकडे. भुसा दाबून केलेल्या फळ्या, पिशवीभर स्क्रू, स्क्रू आवळाचा एक वाकडा पाना आन ते बिनअक्षराचं पुस्तक. मी दारात होतोच. सुखदेव बाजेवरून म्हने, "गजा, काम निघालं पाय." ते पुस्तक पाहून मले असा आनंद झाला का सांगता सोय नाही. मी म्हनलं, "सुखदेव, हे मले वाचता येते!" तो म्हने, "मंग वाच लेका, साठ वर्सांत पह्यल्यांदा." दुपारपर्यंत कपाट उभं झालं. छातीएवढं, चार फळ्याईचं. मी मांगं सरकून छाती फुगवून उभा राह्यलो. सुखदेवनं पाह्यलं, मानेखाली उशी सरकवली, अजून पाह्यलं. म्हने, "फळ्या वर-खाली कराचे भोकं आतून पायजे ना गा? उजव्या बाजूचे बाहेरून काहून आहेत?" म्या ती बाजू उलटी लावली होती. खोलाले गेलो तं भुशाची फळी, स्क्रूसंगं तुकडाच निघून आला. तो हसू हसू खोकलला. म्हने, "राहू दे. शेजाऱ्याले फळी टाकाची असन तं त्याची सोय झाली." लय दिवसांनी हसला, वहिनी म्हनत.

मी चप्पल पायात घालून राह्यलो होतो, तेवढ्यात तो म्हने, "इथं मधात एक फळी अजून पायजे होती. जमन काय तुले?" मी म्हनलं, "जमन काय म्हन्जे?" खोक्यात जास्तीची फळी नव्हती. माझ्याजवळ संत्र्याच्या जुन्या लाकडी पेट्या होत्या, त्याच्या पट्ट्या तासून जोडल्या. डाव्या बाजूले भोकात खुंट्या, उजव्या बाजूले भोकं बाहेर, म्हनून आतून लाकडी पट्टी ठोकली. माप म्या वितीनं घेतलं, टेप कायले पायजे? फळी दोन बोटं कमी आली. सुखदेव म्हने, "तुझी वीत उपाशी आहे गा, तिले जेवू घाल." दुसऱ्या दिवशी परत आनली. ती बसवाले दोन दिवस गेले, दोन दिवस मी खोलीत. तो स्क्रू आपल्या तळहातावर घेऊन बसे आन एकेक मले दे. पाच फळ्या झाल्या, खोलीत संत्र्याचा वास पसरला. मी म्हनलं, "झालं, निघतो." तो म्हने, "थांब ना. वर एक बसन."

सहावी बसवली. मंग सातवी. तासाभराचं काम मी आठ-आठ दिवस पुरवो, कारन काही ना काही वाकडं होयेच. तोवर गोष्टी चालत, मास्तरच्या, पाटीच्या. मी पाठमोरा ठोकून राह्यलो का मले बोलता येये. वहिनी एकदा म्हनत, "ह्या रिकाम्या फळ्या पुसू पुसू माहे हात दुखले. ठेवाचं काय आहे याईवर?" सुखदेव म्हने, "येनार आहे सामान." मी म्हनलं, "कलेक्टर झाला काय तू, एवढे कागदं ठेवाले?" माह्या खोपडीत तरीबी काही शिरलं नाही. मंग त्यानं आठवी फळी सांगतली. मी म्हनलं, "अबे, मधात चार बोटं जागा राहीन. त्यात काय, खडूचा तुकडा ठेवशीन?" तो म्हने, "बारीक सामान आहे. तू आन तं खरी."

माप घ्याले गेलो त्या दिवशी त्याचे पाय सुजून गोल झाले होते. सातव्या फळीचा एक स्क्रू ढिला होता, मी म्हनलं दे एक. त्याच्या हातातून सारेच सांडले. बाजेखाली गेले. मी रांगत आत शिरलो, एकेक उचलला. शेवटचा सापडला तरी बाहेर निघालो नाही... तोंड दाखवासारखं नव्हतं माझं. वरून त्याचा आवाज आला, "सापडला काय गा?" मी म्हनलं, "नाही." स्क्रू माह्या मुठीत होता. तो म्हने, "शोध निवांत. मले घाई नाही."

तेच शेवटचं. दुसऱ्याच दिवशी फळी कापून तयार होती, विहिरीच्या कठड्याले टेकवून ठेवली. आज मेथी आहे, आज पानी देनं आहे, आज मोटर बिघडली. मोटर म्याच बिघडवली होती, दुरुस्त कराले भेटावं म्हनून. प्रज्ञाचा दोनदा फोन आला, "काका, बाबा विचारून राह्यले, फळी झाली काय?" मी म्हनलं, "लाकूड वलं आहे, सुकू दे." दहा वर्सांची संत्र्याची पेटी, आन वली! तिनं बापाले तसंच सांगतलं. ती म्हनते, तो म्हने, "सुकू दे मंग."

मयतीत मी सतरंज्या झटकल्या, पान्याचे ड्रम भरले, लोकाईच्या चपला सरळ लावल्या. आत बुद्धवंदना चालू होती. त्याचं तोंड म्या दुरूनच पाह्यलं.

आज सांगाले आलो तं ती आठवी फळी संगं आनली. प्रज्ञा लिहाले बसली, मी सांगता सांगता स्क्रू आवळून राह्यलो. फळी बरोब्बर बसली, पह्यल्यांदाच, एका बोटाचाबी फरक नाही. वहिनी चहा घेऊन आल्या. त्या कपाटाकडे पाह्यत उभ्या राह्यल्या. मी म्हनलं, "वहिनी, त्याचं बारीक सामान कुठी आहे? ठेवून देतो." प्रज्ञा, पुढचंबी लिही, गाळू नको.

वहिनी म्हनत, "कायचं सामान, भाऊजी? तुमी बिनकामाचे ह्या घरात टेकत नव्हते, म्हनून प्रज्ञाचा बाप फळ्या सांगे. ठेवा तो पाना खाली, आन बसा."