दहाव्याला भरलेली रॅन्सम

त्या दिवशी ऊन असं होतं की दहिसरच्या नदीकाठचे कावळेसुद्धा चोची उघड्या टाकून झाडात बसलेले. वारा म्हणून नाही. असल्या उन्हात शहाणा माणूस तोंड मिटून बसतो. मी उघडलं! ऐका, आणि हसायचं तर हसा, मी रागावणार नाही.

आमच्या चाळीतल्या बाळाचं दहावं होतं. गिरणीतला माझा जोडीदार. संपानंतर गिरणी काही उघडली नाही, आणि हा घरी बसून खोकत खोकत गेला. मागे उरली त्याची म्हातारी आई. आम्ही सगळे तिला आये म्हणायचो. ठार बहिरी, आणि तोंड असं की तिला नळावर बघून बायका रिकामे हंडे घेऊन मागे फिरायच्या. आता तिला ठेवायची कुणी? बाळा गेल्यापासून घरात हेच भांडण. बाळाचा थोरला भाऊ दादू म्हणे, बाळाच्या मुलाने ठेवावी. मुलगा सुरेश म्हणे, काकांनी.

पिंड ठेवला. कावळा येईना!

दादू हात जोडून पुढे झाला. "बाळा, गावच्या घरात मी वाटो मागूचंय नाय रे!"

कावळे मान वाकडी करून बघतायत नुसते.

सुरेश म्हणाला, "बाबा, आजपासून दारू बंद!"

त्यातला एक जरा जवळ आला होता, तोही उडून गेला.

भटजी घाम पुसत म्हणाले, "दर्भाचा कावळा करून टाकू का?"

"नको हो," सुरेश रडायलाच लागला. "बाबा अडकून पडतील."

माझ्या शेजारी आमच्या चाळीतले मास्तर उभे होते, इंग्रजी शिकवणारे. हळूच म्हणाले, "रॅन्सम!"

"म्हणजे काय हो?"

"माणूस धरून ठेवायचा, नाना, आणि मागितलेलं मिळेपर्यंत सोडायचा नाही. जे मागतात ती रॅन्सम."

"खंडणीच की!"

"खंडणी नुसत्या धाकानेही घेतात. इथे कुणीतरी अडकलेलं पाहिजे."

मी शाळेची पायरी चढलेलो नाही, पण हे डोक्यात बसलं. बाळा अडकलाय, मग मागतोय काय? घर नाही, दारू नाही... अरे, आईच की!

झालो पुढे. मनात वाक्य चांगलं लांबलचक होतं. आयेला चार दिवस माझ्याकडे ठेवतो, मग दादूला समजावून त्याच्याकडे पोचवतो, असं. पण मी पडलो सावकाश बोलणारा माणूस. "बाळा, तुझ्या आयेला मी माझ्या घरी नेतो," इतकंच झालं आणि कावळा झपकन पिंडावर!

"अरे थांब, पुढचं राहिलंय!" मी कावळ्याला सांगतोय! ऐकतोय कोण? दादूने माझे पाय धरले. सुरेशने मिठी मारली. बाळा गेल्यापासून त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदा बघितलं.

संध्याकाळी आये ट्रंकेसकट आमच्या खोलीत. बायकोने माझी वळकटी उचलून गॅलरीत टाकली.

आये खाटेवर बसली आणि तिने विचारलं, "बाळो खंय?"

रोज सांगितलं तरी रोज विसरायची. आणि बहिरीला सांगायचं म्हणजे ओरडून. असलं काय ओरडून सांगणार? मी तिच्या हातात चहाचा कप दिला आणि बाहेर आलो.

गॅलरीत मास्तर उभे होते. म्हटलं, "एक समाधान आहे, मास्तर. बाळा सुटला. तुमची ती रॅन्सम मी भरली."

मास्तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भरली त्या दोघांनी, नाना. रॅन्सम तुम्ही."