गव्हर्नरावर ओढलेली रेघ

बहारीनमधल्या सनाबिसला आमच्या शेजारी राहणारे चाचा मूळचे रत्नागिरीचे, जहाजावरून निवृत्त झालेले. एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याचे चरित्र ते मराठीत लिहीत आहेत. जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली सरकवत त्याच्या सागरी लढाया ते मला समजावतात. हा अधिकारी पुढे एका वसाहतीचा गव्हर्नर झाला. चाचांनी त्याला ‘रयतेचा बाप’ म्हटले होते. परवा त्यांच्या वाचनात आले, की कर थकला म्हणून त्याने गावे जाळली होती.

“गृहीतक चुकलं, चाचा. पान फाडा, नवं लिहा,” मी म्हणाले.

“जहाजाच्या लॉगबुकातलं पान फाडत नाहीत, बाय. चूक एका रेघेनं कापायची. खालचं वाचता आलं पाहिजे.”

त्यांनी पट्टी ठेवून त्या दोन शब्दांवर रेघ ओढली आणि समासात, चूक करणाऱ्याची म्हणून, स्वतःची सही केली.