बाहुल्यांसाठी रोज नवी वेणी

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चळवळीच्या दिवसांपासून ती जमवली होती. परदेशी कापड का जाळावं, चहा का सोडावा, दागिन्यांची हौस देशाला कशी बुडवते. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर, आणि कॉलेजात जाईपर्यंत माझं बोलणंही तसंच झालं होतं. साधं मीठ मागतानासुद्धा मी आवाहन करते, असं दादा म्हणायचा.

त्या वर्षी सप्टेंबरात लढाई होऊन गेली होती. धान्य वाचवा असं पंतप्रधानांनी सांगितल्यापासून सोमवारी संध्याकाळी आमच्याकडे चूल पेटत नव्हती. रेडिओ लागला की सगळे हातातलं काम टाकून उभे राहायचे. मला तर कुठेच स्वस्थ बसवत नव्हतं. काहीतरी करायला हवं, आत्ता, आणि ते काय हे कुणी सांगत नव्हतं. अशात दसरा आला.

बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत नवरात्र दोन खोल्यांत होतं. देवघरात घट बसतो आणि त्याच्यावर रोज एक ताजी माळ चढते. बाहेरच्या खोलीत कन्नड शेजाऱ्यांसारख्या पायऱ्या रचून बाहुल्या मांडायच्या. संध्याकाळी चामराजपेटच्या गल्लीतली बायकामुलं दारोदार ‘गोंबे कूरिसिद्दीरा?’ म्हणजे बाहुल्या बसवल्यात का, असं विचारत येतात आणि खाऊ घेऊन जातात. दरवर्षी पायरीवर एक तरी नवी बाहुली यावी लागते. गल्ली तेच आधी बघते.

त्या वर्षी वैशाखात दादाचं लग्न झालं होतं. वहिनीने माहेराहून राजाराणीची रक्तचंदनी जोडी आणली होती. तिचं आमच्या घरातलं हे पहिलं नवरात्र. त्या जोडीसाठी जरीचे तुकडे, मणी, टिकल्या आणायला बाजारात जायचं, असं आईने तिला श्रावणातच कबूल केलं होतं.

अण्णांनी घटस्थापनेच्या आधी जाहीर केलं, की यंदा सणाला बाजारातून काही येणार नाही. घटाच्या माळेची फुलं तेवढी फूलवालीकडून घ्यायची, कारण तिचंही पोट आहे. बाकी काही नाही.

मला स्फुरणच चढलं. मी म्हणाले, बाजार कशाला हवा, हे शहर झाडांनी भरलंय, रस्त्यावर पडलेलं वेचलं तरी शंभर बाहुल्या नटतील. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी लालबागेत गेले. सुरूची काटेरी बोंडं, गुलमोहराच्या तलवारीसारख्या शेंगा, निलगिरीच्या टोप्या, कुठल्याशा पाखराचं निळं पीस. केंपांबुधी तळ्याच्या काठावर गोगलगाईंचे शंख मिळाले. पिशवी भरून घरी आणली आणि वहिनीपुढे जमिनीवर ओतली. हे बघा खरं धन, म्हणाले. कुणाच्या दुकानाची चिठ्ठी नाही याला, आणि वर्षानुवर्षं टिकेल.

तिने एक बोंड उचलून पाहिलं, परत ठेवलं. छान आहे, म्हणाली. मग सगळं सुपात भरलं आणि जमीन पुसून घेतली.

त्या ‘छान आहे’ने मला रात्रभर छळलं. सकाळी ती विहिरीपाशी भांडी घासत होती, तिथे जाऊन मी तिला गाठलं आणि मणी नाहीत म्हणून एवढं वाईट वाटतंय का, असं सरळच विचारलं. मी आणखीही बरंच बोलणार होते.

“मण्यांचं मेलं काय,” ती म्हणाली. “मला बाजाराला जायचं होतं, वन्सं. लग्न झाल्यापासून मी देवळाशिवाय कुठे गेलेय सांगा. लालबाग तुम्ही बघून आलात. मला तिचा कचरा आणून दिलात.”

मला राग आला. नंतर तो राग जायला दुसरी वाट मिळाली, आणि मी तडक आईकडे गेले. वहिनीला माझ्याबरोबर बाहेर वेचायला पाठव, म्हणाले. आईला ते पटणं शक्यच नव्हतं. नवी सून सासूबरोबर बाजारात जाते, हे लोकांना कळतं. पिशवी घेऊन रस्त्यावरच्या शेंगा गोळा करताना दिसली तर गल्ली म्हणेल, यांच्या घरी खायला नाही. मी स्त्रियांच्या हक्कांवर बोलायला लागले तशी आई पोळीचं पीठ जोराजोरात मळायला लागली. शेवटी म्हणाली, एकदा जाऊन या, स्वल्प लवकर जा, कुणी उठायच्या आत परत या.

उजाडताना आम्ही निघालो. मी तिला वाटेत दाखवत होते, हे बघा, ते घ्या, आणि ती काहीच वाकून घेत नव्हती. नुसती चालत होती. इतकी भरभर, की लालबागेच्या वाटेवर मलाच धाप लागली. पदर खोचलेला, मान वर. मला वाटलं, आलो कशाला आणि ही करतेय काय.

परतताना एका रुंद रस्त्यावर बुचाची झाडं होती. खाली पांढऱ्या, लांब देठाच्या फुलांचा सडा पडला होता आणि वास असा, की आम्ही दोघीही थांबलो. वहिनी तिथे पहिल्यांदा वाकली. ओंजळीने वेचून पदरात घेतली आणि घरी येईपर्यंत चालता चालता देठात देठ गुंफत वेणी केली. सुई नाही, दोरा नाही.

मी म्हटलं, ही संध्याकाळपर्यंत पिवळी पडतील. माझी बोंडं टिकतात.

“म्हणूनच ती नकोत,” वहिनी म्हणाली.

मला तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी कळलं. पायऱ्या मांडून झाल्या, राजाराणी वरच्या पायरीवर बसले आणि वहिनीने वेणी पुढे केली. जमिनीवर पडलेली फुलं देवाला कुणी वाहतं का, असं आई म्हणाली. वहिनी हळूच म्हणाली, की देवाला नकोतच, राजाराणीला घालायची आहेत, आणि ती काही देव नव्हेत. आईने वेणी घालू दिली. मग वहिनीने सासूला अगदी गरीब गाईसारखं विचारलं,

“अत्ते, नवरात्रात पहिली माळ घातली, की रोज घालावीच लागते ना?”

“लागते तर. खंड पडता कामा नये,” आई म्हणाली. आणि म्हणून झाल्यावर तिने वहिनीकडे नीट पाहिलं.

थोड्या वेळात समोरच्या मावशी लेकीसुनांसह आल्या. त्यांनी पायऱ्या वरपासून खालपर्यंत निरखल्या आणि हसत म्हणाल्या, “सरी, बरंय, यंदा नवी बाहुली आणली नाहीत ते कळलं. सून आणलीत की. हिलाच वरच्या पायरीवर बसवा.”

सगळ्या हसल्या. आईही हसली. वहिनी मात्र खाऊची परात घेऊन उभी राहिली, आणि मावशी हसायच्या थांबेपर्यंत तिने ती पुढे केली नाही.

त्यानंतर रोज पहाटे आम्ही बाहेर. कधी मी झोपेत असायचे, तरी ती पाय हलवून उठवायची, कारण एकटीला परवानगी नव्हती. बुचाच्या फुलांखेरीज तिने तेरड्याची, गवताच्या तुऱ्यांची वेणी केली, एकदा नुसत्या पानांची. दर दिवशी वाट थोडी लांब व्हायची. बोलायची फार थोडं. मी मात्र सारखी बोलत होते: सणांचा बाजार झालाय, आपण एक पत्रक काढू, गल्लीतल्या सगळ्या बायकांना उजाडताना बाहेर काढू. ती म्हणाली, सगळ्यांना नका काढू, मग फुलं पुरायची नाहीत. मी चिडले. ती हसून पुढे गेली.

गल्लीतल्या मुलींना मात्र त्या वेण्या आवडल्या. रोज संध्याकाळी आज काय, आज काय करत त्या आमच्याकडे आधी येऊ लागल्या. मावशींच्या घरच्या नव्या चिनीमातीच्या बाहुलीकडे मग जायच्या. आई हे बघत होती.

दसऱ्याच्या रात्री रिवाजाप्रमाणे राजाराणीला आडवं करून निजवलं. दुसऱ्या दिवशी बाहुल्या कापडात गुंडाळून पेटीत गेल्या, पायऱ्यांच्या फळ्या माळ्यावर. घर एकदम मोकळं आणि ओकंबोकं झालं. मी अंथरुणात पडून विचार करत होते, आता आईला काय पटवायचं, कुठल्या शब्दांत. निम्मं भाषण तयारही झालं होतं.

तिसऱ्या दिवशी उजाडताना दाराची कडी वाजली म्हणून मी उठून बाहेरच्या खोलीत आले. वहिनी उंबऱ्यात उभी होती. हातात पिशवी नव्हती, परडीही नव्हती. आई शेगडीपाशी होती.

“आता कशाला?” आई म्हणाली. “बाहुल्या तर उचलल्या.”

“जाऊन येते,” वहिनी म्हणाली.

माझं भाषण घशापर्यंत आलं होतं. मी तोंड उघडलं, आणि आईने माझ्याकडे न बघताच हात वर करून मला गप्प केलं. तिने शेगडीतला निखारा चिमट्याने उलटला. अण्णा आतल्या खोलीत खोकत होते.

“दूध यायच्या आत ये,” आई शेवटी म्हणाली.

वहिनीने मला हाक मारली नाही. मी दारात येईपर्यंत ती गल्लीच्या टोकाला पोचली होती. बुचाची झाडं डावीकडे होती. ती उजवीकडे वळली.