सरूबाई त्रिभुवन बेसवर जाते

सरूबाई त्रिभुवनला देवानं हाक मारली नव्हती. हाक आली होती ती तिच्या नवऱ्याला, शांतवनला, आणि ही गोष्ट ती कुणापासून लपवत नसे. "ह्यांना बोलावणं आलं, मला नाय आलं. मी आपली ह्यांच्यामागं," असं ती चर्चच्या पायरीवर बसून सरळ सांगायची.

शांतवन वैजापूर तालुक्यातल्या दहा-बारा गावांचे हातपंप दुरुस्त करायचा. पाळकसाहेब महिन्यातून एकदाच गावात येत, म्हणून बाकीच्या रविवारी पत्र्याच्या चर्चमध्ये प्रार्थना तोच चालवायचा. रीतसर शिकून सेवक व्हायचं हे त्याच्या मनात लग्नाआधीपासून होतं. औरंगाबादला पडेगावच्या पुढं माळावर मिशनचं एक प्रशिक्षण केंद्र होतं. सगळे त्याला बेस म्हणत. शांतवननं तिथं तीनदा अर्ज केला आणि सातवीच शिकलाय म्हणून तीनदा नकार आला. चौथ्या वेळी, दोन हजार तेराच्या दुष्काळात, होकाराचं पत्र आलं. अट एकच होती: नवरा-बायको दोघांनी वर्षभर तिथं राहायचं आणि दोघांनी शिकायचं.

"दोघांनी?" सरूबाईनं पत्र उलटंपालटं करून पाहिलं. "मी चौथी पास. मला काय शिकवणारेत, माझं कपाळ?"

पण चौथी पास सरूबाईला एक गोष्ट येत होती जी त्या गावात दुसऱ्या कुठल्या बाईला येत नव्हती. आदल्या वर्षी हातपंप नुसती हवा ओकायला लागले आणि शांतवनचं कामच बसलं. तेव्हा तिनं भावाची, रामकिसनची, जुनी मालाची रिक्षा मागून आणली. कोरड्या नदीच्या पात्रात चार दिवस ती गाडी आडवी-तिडवी पळवली आणि पाचव्या दिवशी दोन कोसांवरच्या विहिरीवरून पाण्याचे ड्रम भरून गावात आणले. पहिल्या खेपेला पारावरची माणसं हसली. महिन्याभरात तीच माणसं तिच्या हॉर्नची वाट बघायला लागली. पुढं वैजापुरात जाऊन तिनं लायसनही काढलं.

निघायला आठ दिवस उरले असताना शांतवन एका पंपाचे पाइप वर ओढत होता. पाइप सटकला आणि त्याचं मनगट मोडलं. प्लास्टर बांधून घरी आला तो तोंड भिंतीकडं करूनच बसला.

"राहिलं आता. पुढच्या साली बघू," तो म्हणाला.

"पुढलं साल कुणी बघितलंय? मी नेते की."

"औरंगाबादला? अगं, पंच्याहत्तर किलोमीटर हाय. वाळूजला ट्रकांची रांग असती नुसती."

"ट्रकाला चाकं हायेत, माझ्या रिक्षालाबी हायेत."

शांतवनची आई भागूबाई कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिला कमी ऐकू यायचं. "कुठं चाललाय म्हनला?"

"बेसवर, आई!"

"बेस हाय ना? मग चला की!"

म्हातारीनं असा निकाल दिल्यावर सरूबाई ट्रंक भरायला लागली.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी उजाडताना ते निघाले. मागं ट्रंक, दोन गोधड्या, पिठाचा डबा, चूल, आणि त्या पसाऱ्यात शांतवन आणि बारा वर्षांची लेक सुवार्ता. पुढं सरूबाईशेजारी भागूबाई, तिच्या मांडीवर टोपलीत कोंबडी. लासूर मागं पडलं तसं ऊन चढलं. रस्त्याच्या कडेच्या मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या होत्या. चारा छावणीत जनावरं माना खाली घालून उभी होती, आणि समोरून एकामागं एक पाण्याचे टँकर येत होते. सुवार्ता मागून प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती.

वाळूज आलं आणि सरूबाईनं हँडल घट्ट धरलं. दोन्ही बाजूंना कंपन्या, अर्धवट बांधलेल्या इमारती, आणि शेजारून घराएवढाले कंटेनर. तिनं मोठ्या आवाजात एक भजन धरलं. भागूबाईला शब्द ऐकू येत नव्हते, पण सुनेचे ओठ बघून तिनं टाळ्या धरल्या. त्या नादात नगर नाका आला आणि गेला. डावीकडं वळायचं होतं. शांतवननं चांगल्या हातानं मागून पत्रा बडवला, पण ट्रकांच्या हॉर्नपुढं तो कुणाला ऐकू येणार? रिक्षा नाकासमोर निघाली ती थेट क्रांती चौकात.

सिग्नल सरूबाईनं आजवर बसच्या खिडकीतूनच पाहिला होता. लाल दिवा दिसताच तिनं कचकन ब्रेक दाबला. रिक्षा पांढऱ्या पट्टीच्या बरीच पुढं जाऊन थांबली आणि बंद पडली. दिवा हिरवा झाला. मागून शंभर हॉर्न एकदम ओरडायला लागले. ट्रॅफिक हवालदार शिटी वाजवत आला.

"ये गाडी किसकी है? ड्रायव्हर किधर गया?"

"मीच हाय ड्रायव्हर."

"लायसन?"

सरूबाईनं कमरेच्या पिशवीतून लायसन काढून त्याच्या हातावर ठेवलं. हवालदारानं ते पुढून पाहिलं, मागून पाहिलं, मग प्लास्टरवाला नवरा, लेक, म्हातारी, कोंबडी असं सगळं लटांबर पाहिलं.

"पूरा घर लेके कहाँ चले, मौसी?"

"बेस!" भागूबाई ठणकावून म्हणाली.

"पडेगावला जायचंय, साहेब. वळण चुकलं," सरूबाई म्हणाली. "तुमी जरा गाड्या थांबवा, मी वळवून घेते."

हवालदाराला हसू आलं. त्यानं दोन्ही हात आडवे करून जालना रोडची अख्खी वाहतूक रोखली. "घुमाव, मौसी. आरामसे."

सरूबाईनं गाडी चालू केली, हँडल पूर्ण वळवलं आणि पुढं-मागं न करता एका दमात रिक्षा फिरवली. बाजूच्या सिटी बसमधून कुणीतरी शिटी मारली. मागं शांतवन मोडका हात पोटाशी धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. मनगट मोडल्यापासून तो पहिल्यांदाच हसला होता.

बेसच्या फाटकात प्राचार्य आढाव सर उभे होते. त्यांनी शांतवनचं स्वागत केलं आणि इकडंतिकडं पाहत म्हणाले, "लांबून आलात. ड्रायव्हरला बोलवा, चहा देऊ त्याला."

"त्याला नाय, तिला," शांतवन म्हणाला. त्याची मान अशी ताठ झाली होती की जणू चालवत तोच आला होता.

पण बेसवरचे पहिले दिवस सरूबाईला जड गेले. वर्गात बाकीची माणसं बी.ए., नर्सिंग झालेली. ती भराभरा वहीत उतरवून घ्यायची; सरूबाईचं एक वाक्य होईपर्यंत फळा पुसलेला असायचा. पंधरा दिवसांनी प्रत्येकानं पाच मिनिटं बोलायचं होतं. सरूबाई उभी राहिली, तोंडातून शब्द फुटेना, तशीच खाली बसली. दुपारी ती कोठीच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांमागं जाऊन रडली. सुवार्तानं तिला शोधून काढलं आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी लेक आईला शुद्धलेखन घालायला लागली.

मे महिन्यात बेसची बोअर आटली. टँकर आज येतो, उद्या येतो, असं चाललं. माळाच्या पलीकडं नव्या अपार्टमेंटांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या होत्या. सगळी दुष्काळी गावांतून आलेली माणसं. त्यांच्या बायका रिकामे हंडे घेऊन बेसच्या फाटकाशी उभ्या राहू लागल्या.

"शेजारच्या मिटमिटा गावात एकाच्या विहिरीला पाणी आहे, तो द्यायला तयार आहे. आणायचं कसं?" आढाव सर म्हणाले.

सरूबाई तोवर बेसचे रिकामे ड्रम रिक्षात चढवायलाही लागली होती.

दिवसाला पाच खेपा. पहिल्या दोन बेससाठी, उरलेल्या तीन झोपड्यांवर. तिथली गोजरबाई पहिल्या दिवशी हंडा पाठीमागं लपवून उभी राहिली. "पानी देता, ते बरं हाय. पन बदल्यात काय मागनार? देव बदलायला लावनार का?"

"मला हंडा रिकामा पायजे," सरूबाई म्हणाली. "भरलेला असला तर सांग, मी पुढं जाते."

गोजरबाईनं हंडा पुढं केला. पुढच्या आठवड्यात तिनं सरूबाईला चुलीवरची पहिली भाकर दिली, वर ठेचा. तिच्या घरी तरी कुठं जास्त होतं, पण दिली.

जूनमध्ये वर्गात पुन्हा बोलायची पाळी आली. विषय होता शेजारी. सरूबाई उठली. हातात कागद नव्हता.

"मला हाक आली नव्हती," तिनं सुरुवात केली. "मी गाडी चालवत आले. मग हंडेवाल्या बायांनी हाका मारल्या. 'सरूबाई, हिकडं! सरूबाई, आमच्या गल्लीला!' तेव्हा मला वाटलं, व्हय, ही हाक मला कळती. इंग्रजीत आली असती तर नसती कळली."

वर्ग खो खो हसला. मग ती गोजरबाईच्या भाकरीचं सांगायला लागली. पाचाची पंधरा मिनिटं झाली तरी कुणी घड्याळ दाखवलं नाही.

"हे लिहून द्या," आढाव सर म्हणाले. "पुढच्या तुकडीला शिकवतो."

"लिहायला लई वेळ लागंल, सर. त्या तुकडीला मीच सांगते."

आणि तसंच झालं. वर्ष संपलं तेव्हा दोघांनाही प्रमाणपत्र मिळालं. शांतवनला आजूबाजूच्या वस्त्यांचं काम दिलं. सरूबाईला बेसनं ठेवून घेतलं ते नव्या तुकडीला हंड्यांची गोष्ट सांगायला आणि गाडी शिकवायला: गावोगाव जाणाऱ्या सेविकांना गाडी चालवता आली पाहिजे, आणि ते शिकवणार दुसरं कोण? माळावर चुन्याच्या रेघा आखून तिनं सहा बायकांना शिकवलं. पाच बेसवरच्या. सहावी गोजरबाई, ती आपणहून आली होती. "मला तुमचं पुस्तक नको, हँडल पायजे," ती म्हणाली, आणि सरूबाईनं तिला सगळ्यांत आधी गाडीवर बसवलं.

लायसनच्या परीक्षेच्या दिवशी नर्सिंग झालेली एकजण घाबरून दोनदा पाणी प्यायली. गोजरबाईनं तिच्या पाठीवर थाप मारली. आरटीओच्या साहेबांनी एकेकीला मैदानात आकडा आठचा फेरा घालायला लावला. दुपारपर्यंत निकाल लागला: सहाच्या सहा पास.

परतताना गाडी कुणी चालवायची यावर भांडण झालं, तेव्हा सगळ्यांनी रस्ता वाटून घेतला. शहरातल्या छावणी भागातला बाजार गोजरबाईच्या वाट्याला आला. भाजीच्या गाड्या, सायकली, मधेच उभा बैल, सगळ्यांतून तिनं हॉर्न देत, हसत, न थांबता रिक्षा काढली. दुकानदार बाहेर येऊन बघत होते. मागच्या फळीवर पाच नव्या ड्रायव्हरणींच्या मधे सरूबाई पाय खाली सोडून बसली होती. आपण बसून जायचं आणि दुसऱ्या बाईनं गाडी न्यायची, हे सुख तिला पहिल्यांदाच मिळत होतं, आणि ते ती मान डोलवत, मोठ्यानं भजन म्हणत, पुरेपूर घेत होती.