पुडीतलं सोनं
फरशी पुसायच्या ॲसिडचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. नाशिकजवळ आमचा निशिगंधाचा मळा आहे. एका दिवाळीआधी नवऱ्याने मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ पाहिला आणि अंबडच्या भंगारवाल्याकडून जुन्या कॉम्प्युटरच्या पट्ट्यांची गोणीच उचलून आणली. "यात सोनं राहतं, तू बघ फक्त," म्हणाला. फुलांच्या काड्या भिजवायच्या बादलीतच त्याने ॲसिड ओतलं. तोंडाला नुसता रुमाल बांधून चार दिवस त्या पिवळट धुरात ढवळत बसला, आणि उरलेलं पाणी दिलं पाटात सोडून. हाती आली चिमूटभर भुकटी. तिची पुडी लक्ष्मीपूजनाला उघडी ठेवून मी मूर्खासारखं तिच्यावर हळदकुंकूही वाहिलं. सराफाने ती बोटाने पसरून पाहिली. "ताई, यात सोन्यापेक्षा कुंकूच जास्त आहे. वितळवलं तर मुशीलाच चिकटून बसेल." पाटाकडेचे जळालेले वाफे आम्ही पुन्हा लावले. आता रोज पहाटे फुलं तोडताना नवरा एक काडी माझ्या नाकाशी धरतो आणि विचारतो, "वास येतोय का गं?" मला येतो. त्या चार दिवसांनंतर त्याला कधीच आला नाही.