चिकटवलेल्या पापण्या

केमोनं डोक्याचे केस जातील, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पापण्यांचं मात्र कुणी बोललं नव्हतं. त्याही गेल्या. भोकरदनच्या रस्त्यावरची धूळ सरळ डोळ्यांत जायची आणि आरशात दुसरीच कुणी बाई दिसायची. डोक्यावर पदर घेता येतो. डोळ्यांवर काय घेणार?

सासूबाईंनी एरंडेलाचा दिवा लावला, वर तांब्याची ताटली धरली आणि जमलेली काजळी तुपात खलली. त्यांच्या आईपासून घरात असंच काजळ होतं. पण धरायला पापण्याच नव्हत्या. ते ओघळून गालावर आलं.

तेवढ्यात थोरल्या जाऊबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं, पिंपळगाव रेणुकाईला. जाऊबाई घरी आल्या, चहा घेतला आणि निघताना म्हणाल्या की मी मांडवात जरा मागंच बसावं, फोटोत येऊ नये. पोरीच्या लग्नात आजाराची चर्चा नको. मी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बसस्टँडजवळच्या पार्लरमध्ये गेले.

पार्लरवाली तरुण होती, घरी उर्दू बोलणारी. दादी सुरमा घालायची, अम्मीला भुवया कोरणंसुद्धा मंजूर नव्हतं, असं ती बोलता बोलता सांगत होती. आधी तिनं माझ्या मनगटावर डिंक लावून अंगावर उठत नाही ना ते पाहिलं, मग लग्नाच्या सकाळी खोट्या पापण्या चिकटवल्या.

मांडवात जाऊबाईंनी मला अडवलंच.

"ह्या वयात हे काय लावून आलीस?"

आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या.

"गेल्या त्या पापण्या माझ्या होत्या बाई, अन् ह्याबी माझ्याच हायेत," मी म्हणाले. "मागं बसायला मी आले न्हाई."

सासूबाईंनी पुढच्या रांगेत सरकून मला जागा दिली.

दुपारच्या उकाड्यानं डाव्या डोळ्याची पापणी सुटली आणि नेमकं तेव्हाच नवरीनं मला फोटोसाठी हाक मारली. कुणीतरी खुदकन हसलं. मी पापणी ओढून रुमालात ठेवली आणि तशीच नवरीला खेटून उभी राहिले.

जाऊबाईंना तो फोटो अल्बममध्ये नको होता. नवरीनं तो मोठा करून सासरच्या बैठकीत लावला. एक डोळा सजलेला, एक उघडाबोडका, आणि दोन्ही थेट बघताहेत.