चिमण्यासाठी विकलेला देवाचा मेंढा

गुलाबभाईंचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. नाहीतर लिहिता लिहिता माझं मन देवाकडं जाईल आणि माणूस मागं राहून जाईल. गुलाबभाई नगरचे, मेंढरांचे व्यापारी. स्वतःचा छोटा टेम्पो स्वतःच चालवतात. उजव्या हाताचं एक बोट अर्धं आहे. मला त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक. त्यांच्यामुळं आमच्या कुत्र्याचा जीव वाचला आणि देवापुढं उभं राहायला मला तोंड उरलं.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. सहावीतून शाळा सुटली ती मेंढरांमागंच लागले, त्यामुळं लिहिण्यात चूकभूल असेल ती पोटात घाला. दिवाळी झाली की आम्ही घर सोडतो आणि मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागं मागं जातो. त्या साली नगर जिल्ह्यात सोनईच्या अलीकडं एका बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवली होती. रात्रभर मेंढरं रानात बसली की रानाला खत मिळतं आणि आम्हाला धान्य. लेक गावाकडं सासूबाईंजवळ शाळेला. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून आमचे मालक होते नव्हते ते पैसे घेऊन गावी गेलेले. मुक्कामावर मी, माझे सासरे, दीडशे मेंढरं आणि चिमण्या.

चिमण्या म्हणजे आमचं कुत्रं. पिल्लू होता तेव्हा माझ्या ओंजळीत मावायचा, म्हणून ते नाव पडलं. पुढं वासराएवढा झाला तरी नाव तेच. आमच्या मुक्कामाला भिंत नसते, दार नसतं. चारी बाजूंनी जाळी लावायची आणि उघड्यावर झोपायचं. दार म्हणाल तर चिमण्याच. त्याच्या जिवावर आम्ही परक्या मुलखात डोळे मिटायचो.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत देवावरचं माझं मन उडालं होतं. पावसाळ्यात रोगानं कोकरं गेली, मग सासूबाईंचा डोळा. आमच्या बिरोबाला मी रोज भंडारा वाहायची, पण हात वाहायचा आणि मन म्हणायचं, ह्याला ऐकू येतंय का नाही कुणास ठाऊक. त्याच देवाच्या नावानं आम्ही एक मेंढा सोडलेला होता. लेकीच्या वेळी मी मरता मरता वाचले, तेव्हाचा नवस. आमच्यात देवाचा मेंढा ओळखू यावा म्हणून कातरणीला त्याच्या डोक्यावरची लोकर कातरत नाहीत, शेंडीसारखी राखतात. असा मेंढा विकायचा नसतो. कितीही अडचण आली तरी नसतो.

शेजारच्या रानात ऊसतोड चालू होती. तोड संपत आली की आतली रानडुकरं उरलेल्या चार सऱ्यांत दबून बसतात आणि शेवटी उधळतात. हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण तोडलेल्या उसाच्या शेंड्यांचं हिरवंगार वाढं पडलेलं दिसलं आणि मला मोह सुटला. सासरे लांबून ओरडले, "तिकडं नगं घालू गं, आजून ऊस उभा हाय." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. उन्हं वर आली होती. डुक्कर निघालं ते सरळ मेंढरांवर, आणि चिमण्या मधी गेला. एवढंच झालं. भुंकलासुद्धा नाही. डुक्कर पळून गेलं आणि चिमण्या चार पावलं माझ्याकडं चालत आला, मग बसला. पोट फाटलेलं होतं.

आता माझी चूक लिहिते. आमच्याकडं जखम म्हटली की हळद. माझ्या कमरेला भंडाऱ्याची पिशवी होती. देवाचं नाव घेत मी मूठभर भंडारा त्या जखमेत भरला, वरून लोकरीचा पेळू दाबला आणि पदर फाडून आवळून बांधलं. मला वाटलं, ज्याच्यावरचं मन उडालंय त्यानं निदान एवढं तरी करावं.

गावातल्या सरकारी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पोट फाटलंय म्हणजे इथं होण्यासारखं नाही, ताबडतोब नगरला न्या, आणि तिथल्या कुत्र्यांच्या दवाखान्याचा नंबर दिला. तिथं फोन केला तर एक बाई शांतपणे सांगत होत्या, भूल, ऑपरेशन, सलाईन, पुढं पाच दिवस ठेवायचं, सगळं मिळून बावीस-तेवीस हजार, निम्मे आल्याबरोबर भरायचे. त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझ्याजवळ आठशे रुपये होते.

विकण्याजोगा नर एकच होता, शेंडीवाला. बाकी सगळ्या दुभत्या नाहीतर गाभण मेंढ्या. मी दावं घेऊन त्याच्याकडं वळले तसे सासरे काठी टेकत आले.

"त्याला हात लावू नगंस. बिरोबाचा हाय त्यो."

"मामंजी, चिमण्या मरंल."

"कुत्रं हाय. दुसरं मिळंल."

चिमण्या त्यांच्याकडं बघत शेपूट हलवत होता, जमिनीवरची धूळ उडेल एवढीच. सासरे पाठ फिरवून म्हणाले, "माजी नजर कमी झालीया. कंचा मेंढा नेलास, मला काय दिसलं न्हाई." आमचे सासरे मैलावरून मेंढरू ओळखतात.

चिमण्याला घोंगड्यात घालून रस्त्यावर आणलं. मेंढा मागं. हात केला तर गाड्या जरा हळू व्हायच्या आणि रक्त बघून पुढं जायच्या. किती गेल्या मोजल्या नाहीत. मी मनात देवाला म्हणाले, माझ्यावर राग असेल तर माझ्यावर काढ. नंतर तेही म्हणायचं सोडलं. तुला काय करायचंय ते कर म्हटलं आणि चिमण्याचं डोकं मांडीवर घेऊन मातीत बसले. तेव्हा एक टेम्पो पुढं जाऊन थांबला आणि उलटा मागं आला.

ते गुलाबभाई; नाव वाटेत कळलं. बाजार करून रिकामेच परत चालले होते. त्यांनी काही विचारलं नाही. मागची फळी पाडली, घोंगडं एका बाजूनं धरलं आणि म्हणाले, "वाघ हाय का कुत्रं? टेम्पोचं पाटं मोडतील माझं." मला हसू आलं नाही, पण श्वास आला.

वाटेत मी मेंढ्याचं बोलले. घेता का म्हटलं. त्यांनी आरशातून मागं पाहिलं. नगरला दवाखान्यापाशी पोचल्यावर टेम्पोमागं येऊन मेंढ्याच्या पाठीवरून, छातीवरून हात फिरवला, दात बघितले. मग तो अर्ध्या बोटाचा हात डोक्यावरच्या शेंडीवर थांबला. बोटांना भंडाऱ्याचं पिवळं लागलं.

"देवाचा हाय का ताई?"

"न्हाई," मी म्हणाले. "कातरताना ऱ्हायलंय तेवढं."

आयुष्यात खोटं बोलले नाही असं नाही. पण देवाचं नाव पुसून बोललेलं हे पहिलंच. ते एवढंच म्हणाले, "बरं." खिशातून पैसे काढून माझ्या हातात ठेवले. भाव केला नाही. बाजारात जो भाव मिळाला असता त्याहून कमी नव्हता, दवाखान्याचं सगळं त्यात भागलं.

डॉक्टर तरुण होते. पट्टी सोडली आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मावशी, हळद वरच्या खरचटण्याला ठीक. पोटात कशाला भरली? आणि ही लोकर?" मी म्हणाले, देवाची आहे. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "आता ही आधी एकेक काढावी लागेल. वेळ जाईल. तो तेवढा टिकला पाहिजे." आणि दार लावून घेतलं.

त्या दाराबाहेर मी बसले ते तीन तास असतील नाहीतर चार. समोरच्या बाकावर एका बाईंच्या मांडीवर पांढरं मांजर होतं. माझ्या साडीवरचं रक्त बघून त्यांनी त्याच्यावर ओढणी घातली. मला एकच गोष्ट दिसत होती. माझ्याच मोहानं तो फाटला, माझ्याच हातानं त्याच्या पोटात घाण भरली, आणि त्याला जगवायला मी देवाचं देणं विकून वर खोटं बोलले. मागायला कुठल्या तोंडानं मागू? म्हणून मी मागितलंच नाही. आजवर मी देवाला नुसतं मागत आले होते, हे दे, ते वाचव. त्या बाकावर पहिल्यांदा मी गप्प बसले. मन रिकामं झालं होतं. त्याला भक्ती म्हणतात का दमणूक, मला सांगता येत नाही.

शेवटी दवाखान्यातला एक माणूस येऊन म्हणाला, जगलाय, पण आजची रात्र गेली तर खरं. मी तोंड धुवायला बाहेर आले. फाटकाशेजारी लिंबाचं झाड आहे. त्याच्या बुडख्याला मेंढा बांधलेला, पुढं मेथी-घासाची पेंडी, आणि गुलाबभाई टेम्पोच्या पायरीवर बसून डब्यातली भाकरी खात होते.

"जगलं का वाघ?"

मी मान हलवली. मग मेंढ्याकडं बोट केलं.

"न्या माघारी," ते म्हणाले. "देवाच्या नावानं सोडलेलं जनावर घ्यायचं न्हाई, आमच्या बापानं सांगून ठेवलंय. तुमच्या देवाचं असू दे न्हाईतर आमच्या."

"मी तर न्हाई म्हनले हुते."

"तुमी न्हाई म्हनताना माज्याकडं बघितलं न्हाई. तवाच कळलं. चाळीस वर्सं मेंढरंच बघतोय की."

"मग तवाच का बोलला न्हाई?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तवा बोललो असतो तर तुमी पैसं घेतलं असतं का?"

मला तिथं फाटकाला धरून रडू आलं. ते उठले, पाण्याची बाटली माझ्याजवळ ठेवली आणि मेंढ्याच्या डोक्याकडं बघत म्हणाले, "शेंडी बांधा नीट. एवढी दिसती, आन् म्हनं कातरताना ऱ्हायली." पैशांचं विचारलं तर म्हणाले, ते कुत्र्याला दिलेत, मेंढरं हायेत तोवर गाठ पडंलच. नंबर मागितला तेव्हा हसले आणि टेम्पो चालू केला. वेशीबाहेर राहतो, कुनालाबी विचारा, असं काहीतरी म्हणाले. आवाजात नीट ऐकूही आलं नाही.

तोवर मी मेंढ्याजवळ त्या लिंबाखालीच राहिले आणि पाचव्या दिवशी चिमण्याला आणि मेंढ्याला घेऊन आले. सासऱ्यांनी आधी मेंढा पाहिला, मग कुत्रं, मग पुन्हा मेंढा. खाली बसून पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मी सगळं सांगितलं, माझं खोटंसुद्धा. ते म्हणाले, "देवानं कुनाच्या हातानं दिलं बघ," आणि उठून मेंढरांकडं गेले.

इथंच थांबले असते तर वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं. पण जे झालं ते लिहायला हवं. चिमण्या पूर्वीचा झाला नाही. जखम भरली, पण आत कुठंतरी राहिलं. मेंढरांबरोबर निघायचा आणि पहिल्या बांधावर बसायचा. आवाज झाला की उठायचा, दोन पावलं जायचा, आणि आमच्याकडं असं बघायचा की आपण नजर खाली घालावी. त्या हंगामात लांडग्यानं आमची चार कोकरं नेली. मालक म्हणाले, एवढा खर्च करून दार तर उघडंच राहिलं. रागानं नाही म्हणाले. वैशाखात घराकडं परतताना, गाव दोन मुक्कामांवर असताना, चिमण्या सकाळी उठला नाही. घोंगड्याच्या कडेला नेहमीसारखाच निजलेला होता. रस्त्याकडंच्या बाभळीखाली त्याला पुरला. भंडारा वाहायला हात पिशवीत गेला आणि तसाच थांबला. मग सासऱ्यांनीच माझ्या मुठीवर हात ठेवून ती उघडली.

मला कुणी विचारतं, मग कृपा कसली? मला वाद घालता येत नाही. भंडारा भरताना मी त्याला वाचव म्हणाले होते, किती दिवस ते सांगितलं नव्हतं. सहा महिने मिळाले. त्या सहा महिन्यांत तो रोज संध्याकाळी माझ्या पायाशी येऊन बसला. ज्या भंडाऱ्यानं मी त्याचं पोट नासवलं, त्याच भंडाऱ्याचा पिवळा डाग गुलाबभाईंच्या बोटांना लागला. माझ्या हातानं जे बिघडलं ते देवानं दुसऱ्याच्या हातानं सावरलं, जेवढं सावरायचं होतं तेवढं. बाकीचं आता मी त्याच्यावर सोडलंय. पूर्वी सोडते म्हणायची आणि टोक हातात धरून ठेवायची.

बिरोबाचा मेंढा यात्रेला देवाला पोचला. पण एक देणं माझ्यावर अजून आहे. या साली एक चांगला नर निपजलाय, काळ्या तोंडाचा. मी त्याला दुधाला कमी पडू देत नाही. परवा कातरणी झाली. मालकांनी कातर थांबवून विचारलं, "ह्याची शेंडी राखायची का? लई जपतीयास, कुनाच्या नावाचा हाय?"

मी म्हणाले, "गुलाबभाईंच्या. पन शेंडी ठिवू नगा. साफ कातरा. शेंडी दिसली तर त्यो मानूस घ्यायचा न्हाई."

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्याच वाटेनं वर जाणार आहोत. नगरच्या वेशीबाहेर दारोदार विचारावं लागलं तरी विचारीन. या साली नाही सापडले तर पुढच्या साली. मेंढा म्हातारा झाला तर त्याचं कोकरू नेईन. पण एक दिवस अर्ध्या बोटाच्या त्या माणसाच्या दारात मी तो नेऊन बांधीन, आणि देवाचा हाय का ताई, असं त्यांनी विचारलं, तर त्यांच्या डोळ्यांत बघून सांगीन, न्हाई भाऊ, तुमचा हाय.